तोंडी हिशोब पक्का, मग गणित कुठे अडतं?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

या ताई घरीच टॉवेलच्या दुमडीचं शिलाईकाम करतात. यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर आहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. शाळा बदलली नाही. ब्रेल हळूहळू येतंय. पाढे तिसापर्यंत पाठ, बाजारात आईच्या आधी हिशोब सांगून मोकळा होतो. पण यंदा गणित अडलं. अपूर्णांक, मोठे गुणाकार-भागाकार, भूमिती आली की हा बाकावर डोकं टेकून बसतो. सर म्हणतात, "ऐकू दे नुसतं. दहावीला सवलत आहे, सोपं अंकगणित घेता येईल." दीर म्हणतात, साठ हजारांचं बोलणारं गणित यंत्र आलंय, पतसंस्थेतून कर्ज काढू. सासूबाईंचं म्हणणं, पुण्याच्या अंधशाळेत वसतिगृहात ठेवा. ताई लिहितात, "मी आठवी शिकलेली. मला गणित येत नाही, मी काय शिकवणार? त्याचा तोंडी हिशोब एवढा पक्का आहे, तरी आता त्याला काहीच कसं येत नाही? की डोळ्यांशिवाय गणित इथपर्यंतच जातं आणि आपणच उगीच त्याच्या मागे लागलोय?"

ताई, नमस्कार.

आज रात्री कामं आवरली की दिरांना समोर बसवा. त्यांना डोळे मिटायला सांगा. कागद-पेन नाही, मोबाईल नाही. मग ३४७ गुणिले २८ करायला सांगा. दीर हुशार असतील तर आठाने गुणून २,७७६ पर्यंत पोचतील. मग विसाने गुणून ६,९४० काढतील. बेरीज करायची वेळ आली की पहिली संख्या काय होती ते आठवायला लागेल, आणि बहुतेक तिथेच "अरे थांबा, परत सांगा" होईल. उत्तर ९,७१६ आहे, तपासायला लागेल म्हणून देऊन ठेवते.

तुमच्या मुलाला शाळेत रोज हेच करायला लावतात. त्याला एकट्यालाच. बाकीच्या मुलांसमोर वही असते. हातचा लिहून ठेवता येतो, चुकलेली पायरी वर जाऊन बघता येते. त्याच्याकडे वहीच नाही. पाचवीपर्यंतचे हिशोब डोक्यात मावत होते म्हणून तो "पक्का" होता. सातवीत एका उदाहरणाला चार-पाच पायऱ्या लागायला लागल्या, त्या डोक्यात मावेनात, म्हणून तो "कच्चा" झाला. मूल तेच आहे आणि डोकंही तेच. म्हणून तुमच्या प्रश्नातला "डोळ्यांशिवाय" हा शब्द क्षणभर बाजूला ठेवून "कागदाशिवाय" असा शब्द घालून बघा. कागदाशिवाय गणित कितीसं पुढे जाईल? कोणाचंच फार जाणार नाही.

तुम्ही म्हणाल, ब्रेल पाटी आहे की. आहे, पण ती या कामाची नाही, आणि हे शाळेत कोणी सांगितलेलं दिसत नाही. ब्रेल पाटीवर टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं असतं, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. वाचायचं तर कागद काढून उलटा करायचा. निबंध, शुद्धलेखन, प्रश्नोत्तरं यांना हे चालतं. उभ्या मांडणीच्या बेरजेला कसं चालेल? वरची ओळ चाचपून खाली उत्तर लिहायचं, तर वरची ओळ मागच्या बाजूला, तीही उलटी. म्हणून दृष्टिहीन मुलांना आकडेमोडीसाठी वेगळी साधनं लागतात. फार जुनी, साधी साधनं आहेत, आणि साठ हजारांची तर मुळीच नाहीत.

पहिली टेलर फ्रेम. आपल्याकडच्या अंधशाळांमधून गेलेल्या बहुतेक सगळ्या मुलांच्या हाताखालून ही गेलेली असते. एक आडवी पाटी, तिच्यावर ओळीने आणि रकान्याने भोकं, प्रत्येक भोक आठ कोनांच्या चांदणीसारखं. भोकात बसणारा चौकोनी दांडीचा छोटा टाईप, म्हणजे खिळा, असतो. टाईपच्या एका टोकावर कडेला एक उंचवटा, दुसऱ्या टोकावर दोन बारीक ठिपके. भोकाला आठ कोन असल्यामुळे टाईप आठ दिशांनी बसवता येतो. उंचवट्याचं टोक वर ठेवून फिरवत गेलं की १ ते ८ झाले. टाईप उलटा करून दोन ठिपके वर ठेवले की ९, ० आणि मग अधिक, उणे, गुणिले, भागिले, बरोबर, दशांशचिन्ह. दोन टोकं गुणिले आठ दिशा, सोळा खुणा. सगळं अंकगणित एकाच आकाराच्या टाईपमध्ये बसतं. बीजगणिताची अक्षरं पुढे लागतील, त्यासाठी वेगळे टाईप मिळतात.

मांडणी मात्र तुमच्या-माझ्यासारखीच. वर ३४७, खाली २८, त्याखाली २,७७६, त्याखाली एक घर सोडून ६९४. डाव्या हाताचं बोट वरच्या ओळीवर ठेवायचं आणि उजव्या हाताने टाईप बसवायचा. चुकलं तर तो टाईप उपसून दुसरा लावायचा. अर्ध्यात कोणी हाक मारली, उठून जाऊन परत आलं, तरी गणित जिथल्या तिथे. तुमच्या मुलाला दोन वर्षं जे मिळालं नाही ते हे.

कटकटही सांगते. ही फ्रेम हळू चालते. सुरुवातीला तर फारच. एकेक टाईप डब्यातून उचला, टोक कोणतं ते चाचपा, दिशा बघा, बसवा. वर्गातली मुलं तीन उदाहरणं उरकतील तेव्हा याचं एक होईल, आणि हा वैतागेल. शिवाय डब्यातले टाईप खडखडतात, सगळा वर्ग वळून बघतो, आणि बारा वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं. डब्याला आतून कापड लावा, तुमच्याकडे टॉवेलच्या तुकड्यांची काय कमी! वेगाची चिंता पहिले सहा महिने करू नका, आणि सरांनाही दहाऐवजी चार उदाहरणं द्यायला सांगा. अजून एक. जुन्या संचातले टाईप शिसं मिसळलेल्या धातूचे असायचे. तसा संच हाती आला तर काम झाल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा. जेवायच्या आधी तर नक्कीच.

दुसरं साधन अबॅकस. सोलापुरात अबॅकसच्या क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नाव ऐकलं असेलच. क्लासमधला आणून देऊ नका मात्र. त्याचे मणी सुळसुळीत असतात, वाचायला बोट लावलं की सरकतात आणि आकडाच बदलतो. दृष्टिहीनांसाठीच्या अबॅकसमध्ये मण्यांच्या मागे नमद्यासारखं जाड कापड किंवा रबर असतं, त्यामुळे मुद्दाम ढकलल्याशिवाय मणी हलत नाही. सोरोबान या जपानी अबॅकसमध्ये हा बदल १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीतल्या टेरेन्स क्रॅनमर यांनी केला. ते स्वतः दृष्टिहीन होते, त्यामुळे अडचण कुठे आहे हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. प्रत्येक सळईवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत पाच. खाली चार मणी, प्रत्येकी एक. सात म्हणजे वरचा एक खाली, खालचे दोन वर. डावीकडच्या सळईवर किंमत दहापट.

दोन्हींतलं आधी काय, यावर शिक्षकांमध्ये मतभेद आहेत. माझं मत तुमच्या मुलापुरतं सांगते. त्याचा तोंडी हिशोब तेज आहे, म्हणून अबॅकस त्याला आवडेल, हात पटकन बसेल, आणि हरवलेला आत्मविश्वास लवकर परत येईल. सुरुवात त्याने करा. पण अबॅकसवर उत्तर उरतं, पायऱ्या पुसल्या जातात. सातवीच्या अपूर्णांकांना आणि पुढच्या समीकरणांना पायऱ्याच हव्यात. म्हणून महिन्या-दोन महिन्यांत टेलर फ्रेम जोडीला आलीच पाहिजे. अबॅकसवर वेग आलाय म्हणून तिथेच थांबलेली, नववीत बीजगणित आल्यावर पुन्हा अडलेली मुलं मी शिकवली आहेत.

"डोळ्यांशिवाय गणित जातं का" याचं उत्तर तीनशे वर्षं जुनं आहे. इंग्लंडमधले निकोलस साँडरसन वर्षभराचे असताना देवीच्या साथीत आंधळे झाले. १७११ मध्ये ते केंब्रिजला गणिताचे लुकेशियन प्राध्यापक झाले, म्हणजे ज्या पदावर काही वर्षं आधी न्यूटन होते त्याच पदावर. त्यांनी स्वतःसाठी भोकांची एक पाटी बनवली होती. लहान-मोठ्या डोक्यांच्या टाचण्या भोकांत खोचून ते आकडे मांडायचे आणि बोटांनी वाचायचे. एवढ्या मोठ्या गणितीलाही नुसतं डोकं पुरत नव्हतं. तुमच्या मुलाने सातवीत नुसत्या डोक्यावर का भागवावं?

आता दिरांच्या यंत्राबद्दल. भावाच्या पोरासाठी कर्ज काढायला तयार असलेला काका नशिबाने मिळतो, तेव्हा नाही म्हणताना जपून म्हणा. पण यंत्र बघायला गेलात की विक्रेत्याला एकच विचारा, "मुलाने स्वतः मांडलेलं गणित यात बोटाखाली राहतं का, आणि मधली पायरी त्याला बदलता येते का?" तो "हे उत्तर बोलून दाखवतं" म्हणाला, तर साठ हजारांचा कॅल्क्युलेटर झाला. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक चालू केलं की साधा कॅल्क्युलेटर फुकट बोलतो. आणि कधीतरी खरंच मोठा खर्च करायचा झाला, तर ब्रेलर बघा. पर्किन्स ब्रेलर १९५१ पासून बनतो, टाईपरायटरसारखं यंत्र आहे. त्याचे ठिपके कागदाच्या वरच्याच बाजूला उठतात, म्हणजे लिहिता लिहिता वाचता येतं. नवा महाग पडतो. पण शिकून बाहेर पडलेल्या मुलांचे, संस्थांकडे पडून असलेले जुने, दुरुस्त केलेले ब्रेलर विचारले तर मिळतात. तीही घाई आत्ता नको. ब्रेलचा हात बसू दे, मग.

साधनं मिळवायची कुठून, हे तुमच्यासारख्या बाकीच्या घरांसाठीही लिहिते. दृष्टिदिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर सगळ्यात आधी ते काढा, पुढचं सगळं त्यावर अडतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याची साधनं आणि सहायक उपकरणं मोफत द्यायची तरतूद आहे, कलम १७. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, "टेलर फ्रेम, टाईपचा संच, दृष्टिहीनांसाठीचा अबॅकस, उठावाची भूमिती पेटी" अशी नावं घालून. "मुलाला मदत हवी" एवढंच लिहिलंत तर सहानुभूती मिळेल, फ्रेम मिळणार नाही. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. तुमच्या शाळेसाठी कोण, ते महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारा. सहायक उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची शिबिरं होतात, स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखीव असतो. विकतच घ्यायचं ठरलं, तर देहरादूनची राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन संस्था आणि मुंबईला वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड यांच्याकडे चौकशी करा.

"मला गणित येत नाही, मी काय शिकवणार?" या वाक्याशी मात्र मला जरा भांडायचंय.

रशियात लेव पोन्त्र्यागिन नावाचा मुलगा होता. चौदाव्या वर्षी स्टोव्हचा स्फोट झाला आणि नजर गेली. त्याची आई शिवणकाम करायची. तिला उच्च गणिताचं काही येत नव्हतं, पण ती मुलाला गणिताची पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची. चिन्हांची नावं माहीत नाहीत, मग जशी दिसतात तशी सांगायची, शेपट्या वर, शेपट्या खाली. विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत पोन्त्र्यागिन यांचं नाव घेतात. तुमचा मुलगा तेवढा मोठा गणिती होईल असा शब्द मी देत नाही. मला त्या बाईंचं काम महत्त्वाचं वाटतं. गणित त्यांनी शिकवलं नाही, गणित मुलापर्यंत पोचवलं. पोचवण्याचं काम आठवी शिकलेल्या बाईला जमतं, आणि तुमच्याकडे तर त्यासाठी लागणारं यंत्र घरात आहे. दिरांचं नव्हे, तुमचं शिलाई मशीन.

ड्रॉइंगचा जाड कागद घ्या. मशीनच्या सुईतला आणि खालच्या बॉबिनचा, दोन्ही धागे काढा. कागदावर पेन्सिलने त्रिकोण काढून रेषेवरून नुसती सुई चालवा. कागद उलटा केला की ठिपक्यांची उठलेली रेघ मिळते, बोटाला स्वच्छ लागते. टाका लहान ठेवलात तर दाट रेघ, मोठा ठेवलात तर विरळ. म्हणजे त्रिकोणाच्या बाजू दाट आणि आतली उंची विरळ टाक्याने काढली की कोणती रेघ कुठली ते त्याला न सांगता कळतं. कापडावर खुणा करायचं दातेरी चाक असेल तर गोलाकार रेषांना ते जास्त बरं, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा पसरून त्यावर कागद ठेवून चालवा. एक लक्षात ठेवा. रेघ मागच्या बाजूला उठते, म्हणून आकृती डावी-उजवी फिरते. पुस्तकात काटकोन डाव्या कोपऱ्यात असेल तर तुम्ही पेन्सिलने तो उजव्या कोपऱ्यात काढायचा. अ, ब, क ही अक्षरं मशीनवर काढू नका, नंतर ब्रेलमध्ये टोचून चिकटवा, आणि रेषेपासून जरा लांब. दोन रेषांत निदान अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर बोटाला त्या एकच वाटतात. आणि एका कागदावर एकच आकृती. पुस्तकवाले एका पानात चार कोंबतात. डोळा सगळं एकदम बघतो, बोट तुकड्यातुकड्याने वाचतं, त्याला गर्दी सोसत नाही. कागदावर चालवलेली सुई बोथट होते, तीच टॉवेलला लावलीत तर धागे ओढेल. कागदाची सुई वेगळी ठेवा.

अपूर्णांकांचं काम यजमानांवर सोपवा. नक्षीची भोकं पाडायला जेकार्डला लागतात ते लांबट पुठ्ठे सगळे एका मापाचे असतात, आणि अपूर्णांक शिकवायला नेमकं तेच हवं असतं. न टोचलेले, कोरे पुठ्ठे आणायला सांगा. एक अख्खा ठेवा. दुसऱ्याचे दोन समान तुकडे करा, तिसऱ्याचे तीन, मग चार, सहा, आठ, बारा. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज सरांनी फळ्यावर "छेद समान करा" म्हणून शिकवली, त्याला त्यातलं काय लागलं असेल? इथे तो तृतीयांशाचा तुकडा ठेवेल, त्याला लागून चतुर्थांशाचा ठेवेल, आणि खाली बाराव्या भागाचे तुकडे लावत जाईल. सात तुकड्यांनी लांबी भरते. सात छेद बारा. छेद समान का करायचा, हे त्यानंतर सांगावं लागणार नाही. दोन पट्ट्या एका टोकाला टिचबटणाने जोडल्यात तर कोन तयार होतो, उघडझाप करत लघुकोन, काटकोन, विशालकोन हातात येतात. प्लास्टिकच्या कोनमापकाच्या कडेला दर दहा अंशांवर कानशीने खाच पाडा, नव्वदला दोन. मोजपट्टीलाही तसंच. तुमच्या शिंप्याच्या टेपवर दर दहा सेंटिमीटरला दोऱ्याची गाठ मारलीत की घरातली सगळी मापं तोच घेईल.

तयार साहित्यही आहे. जर्मन फिल्म म्हणून प्लास्टिकचा पातळ कागद मिळतो. रबरावर ठेवून बॉलपेनने रेघ ओढली की त्याच बाजूला उठते, आकृती फिरत नाही. मुलाला स्वतः आकृती काढायला ही उत्तम. दिल्ली आयआयटीतल्या कामातून उभी राहिलेली रेझ्ड लाइन्स ही संस्था पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या उठावात बनवते. नववी-दहावीला गरज पडली तर तिकडे बघा. तुमच्या मुलाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, तिचा पत्रात उल्लेखही नाही. तो दहा वर्षांचा होईपर्यंत बघत होता. वर्तुळ, चौकोन, पायऱ्या, सिद्धेश्वराच्या तळ्याचा काठ हे त्याने पाहिलंय. जन्मांध मुलाला आकृती पहिल्यापासून घडवावी लागते, याला आठवण करून द्यावी लागते. ती आठवण ताजी आहे तोवर भूमिती सुरू करा.

आता सर. पत्रावरून माणूस भला वाटतो, त्रास द्यायचा म्हणून बोलत नाही. पण "ऐकू दे नुसतं" म्हणतात तेव्हा त्याला काय ऐकू येतं? "हे इकडे आणलं, याने याला भागलं, आणि हे गेलं." बघणाऱ्या मुलांनाही निम्मं कळत नाही. सरांना हात जोडून सांगा की जे फळ्यावर लिहाल तेच तोंडाने बोला, "हे" आणि "ते" न वापरता. अपूर्णांकात तर फारच जपायला हवं. "दोन अधिक तीन छेद पाच" हे दोन आणि तीनची बेरीज भागिले पाच, म्हणजे एक, की दोन आणि वर तीन पंचमांश, म्हणजे दोन पूर्णांक सहा दशांश? नुसत्या ऐकण्यातून ठरत नाही. गणिताच्या ब्रेलमध्ये, नेमेथ संहितेत, अपूर्णांक सुरू झाला आणि संपला याची स्वतंत्र चिन्हं असतात. ती तयार करणारे अब्राहम नेमेथ स्वतः दृष्टिहीन आणि गणिताचे प्राध्यापक. बोलतानाही तसंच करावं. "अपूर्णांक सुरू, अंशात दोन अधिक तीन, छेदात पाच, अपूर्णांक संपला." चार दिवस विचित्र वाटेल, मग सगळा वर्गच तसं बोलायला लागेल आणि बाकीच्यांच्याही चुका कमी होतील.

घरी आकडे सांगताना "सत्तेचाळीस" म्हणू नका, "चार, सात" म्हणा. मराठीत एकक आधी येतो, फ्रेमवर दशक आधी बसवायचा असतो, म्हणून मुलं हमखास ७४ मांडतात. तुमच्या घरच्या तेलुगूत दशकच आधी येतो, "इरवै ऐदु" म्हणजे वीस-पाच. मग घरी खुशाल तेलुगूत सांगा. शाळेत मराठी, घरी तेलुगू यामुळे तो मागे पडेल अशी भीती पत्रात आहे. इथे तर तेलुगूच सोयीची आहे.

दहावीची सवलत. खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची सोय आहे, आणि काही मुलांना तिचा खरोखर आधार होतो, म्हणून मी ती वाईट म्हणणार नाही. ज्याने फ्रेम, अबॅकस, आकृत्या सगळं मनापासून करून पाहिलं आणि तरी जमलं नाही, त्याने जरूर घ्यावी. पण सातवीत, एकही साधन हाती न देता तो निर्णय घेणं म्हणजे तीन वर्षं आधीच शिकवणं थांबवायची परवानगी. गणित एकदा सोडलं की अकरावीला विज्ञानाकडे जाणं अवघड होतं, पुढे संगणकाच्या आणि हिशोबाच्या अनेक वाटा अरुंद होतात. स्पर्धा परीक्षांमध्येही अंकगणित आहेच. तेव्हा सरांना सांगा, "दहावीचं नववीत बोलू." तोवर परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ याची सवय घटक चाचण्यांपासूनच लावून घ्या. लेखनिकाला गणित सांगणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, बोर्डाच्या पेपरला पहिल्यांदा केलं तर घाम फुटतो. "परीक्षेत ती खडखड चालणार नाही" असं कोणी म्हणालं, तर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या लेखी परीक्षांबाबतच्या सूचना दाखवा. २०१८च्या सूचनांत तर टेलर फ्रेम, ब्रेल पाटी, अबॅकस, भूमिती पेटी वापरू द्यावी असं नावानिशी लिहिलं होतं.

सासूबाईंचा मुद्दा मी शेवटी घेतेय, तो हलका आहे म्हणून नव्हे. अंधशाळेत मूल एकटं नसतं. ब्रेल येणारे शिक्षक असतात, पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात, आणि रात्री झोपताना शेजारच्या कॉटवरचा मुलगा अबॅकसवर याला हरवतो. त्या हरण्यातून पोरं जे शिकतात ते आपण घरी कितीही केलं तरी देऊ शकत नाही. उलट बाजूला तुमचं घर, मित्र, भाषा, आणि दोन वर्षांपूर्वीच एवढं गमावलेल्या मुलाला पुन्हा एक गमवायला लावणं. कायदा दोन्ही बाजूंनी तुमच्याबरोबर आहे. सहा ते अठरा वयात जवळची शाळा की विशेष शाळा, हे निवडायचा हक्क आहे, आणि शाळा त्याला नको म्हणू शकत नाही. माझा सल्ला असा की नुसत्या गणितासाठी पुण्याला पाठवू नका. सोलापुरातही अंधशाळा आहे. एका शनिवारी त्याला घेऊन तिथे जा. फ्रेमवर काम करणारी मुलं त्याच्या शेजारी बसू देत, तुम्ही बाहेर थांबा. सुट्टीत काही दिवस शिकवायला तिथले कोणी शिक्षक तयार आहेत का ते विचारा. नंतर वसतिगृहात जायचं त्याच्याच मनात आलं, तर तेव्हा त्यावर बोला.

त्याच्या मनात काय आहे, हे तुमच्या चार पानांच्या पत्रात कुठेच नाही, ताई. सर काय म्हणतात, दीर काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात ते आहे. त्याला विचारा. "गणित आवडतं का" असं विचारलंत तर "हो" किंवा "नाही" मिळेल, कामाचं नाही. "कालच्या तासाला कुठपर्यंत कळत होतं आणि कुठे सुटलं?" असं विचारा. "भागाकारात खाली घेतलेला आकडा विसरतो" म्हणाला तर फ्रेम लगेच हवी. "आकृतीचं बोलायला लागले की कळत नाही" म्हणाला तर आधी मशीनवर बसा. आणि "सगळे हसतात" म्हणाला, तर साधनाचं नंतर बघू. आधी त्याच्या बाकावर शेजारी कोण बसतो ते सरांशी बोलून ठरवा.

फ्रेम मिळेपर्यंत थांबू नका. पुठ्ठे उद्याच्या पाळीत येऊ शकतात.